कालीघाटचे घर आणि दयेचा प्रश्न

कोलकात्यास जाणारा मराठी माणूस दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि जोडासाँको येथील ठाकुरवाडा ही तीन नावे घरूनच वहीत टिपून नेतो. 2007 च्या जानेवारीत मडगावहून निघताना आम्हीही ती टिपून नेली होती. चौथे नाव आमच्या यादीत नव्हते. कालीघाटच्या देवीचे दर्शन घेऊन, पंड्यांच्या तावडीतून कसेबसे सुटून आम्ही रस्त्यावर आलो, तेव्हा सोबतच्या बंगाली स्नेह्यांनी मंदिराला लागूनच असलेल्या एका घुमटाच्या इमारतीकडे बोट दाखवले आणि विचारले, "पाहायचे आहे का?" ते 'निर्मल हृदय' होते, मदर तेरेसा यांचे मरणोन्मुखांसाठीचे घर. आम्ही लगेच होकार दिला. मरणाऱ्या माणसांना 'पाहायला' जाणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्या वेळी आमच्या मनात आला नाही.

ही वास्तू मूळची यात्रेकरूंची धर्मशाळा. 1943 च्या दुष्काळाने आणि 1947 च्या फाळणीने या शहराच्या पदपथांवर जी माणसे आणून टाकली, त्यांतील कित्येकांना मरायलाही छप्पर नव्हते. जो वाचणार नाही त्याला खाट कशाला अडवू द्यायची, हा इस्पितळांचा हिशेब होता आणि हिशेब म्हणून तो चुकीचाही नव्हता. 1950 च्या ऑक्टोबरात रोमची मान्यता मिळालेल्या 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' या नवख्या संघाला महापालिकेने ही धर्मशाळा दिली आणि 22 ऑगस्ट 1952 रोजी येथे हे घर सुरू झाले. देवीच्या दाराशी ख्रिस्ती जोगिणी येऊन बसल्या म्हणून आरंभी पुष्कळ विरोध झाला. पुढे क्षयाने खंगलेल्या एका पुजाऱ्याचीच शुश्रूषा त्यांनी केली आणि विरोध मावळला, अशी कथा सांगतात. या संघाच्या भगिनी ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांवर चौथे एक व्रत घेतात: गरिबांतील अतिगरिबांची मनोभावे आणि विनामूल्य सेवा.

आत शिरताच डोळ्यांत भरते ती स्वच्छता. बुटक्या खाटांच्या रांगा, पुरुषांची एक बाजू, स्त्रियांची दुसरी. जंतुनाशकाचा वास आणि त्यात मिसळलेला भाताच्या वाफेचा वास. भिंतीबाहेर देवळाची घंटा अखंड वाजत होती. आम्ही हात मागे बांधून, संग्रहालयात चालावे तसे दोन खाटांच्या मधून चालू लागलो. निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतील एका भगिनीने आम्हाला क्षणभर न्याहाळले आणि काही न विचारता डाळभात कालवलेला एक कटोरा आमच्या हाती दिला. "त्या कोपऱ्यातल्या आजोबांना भरवा," एवढेच ती इंग्रजीत म्हणाली आणि निघून गेली. पाहुण्याला नुसते पाहू द्यायचे नाही, ही तिची रीत असावी.

आम्ही बसलो. घास पुढे केला. म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटले. दुसऱ्यांदा केला, त्याने तोंड फिरवले आणि बंगालीत काही पुटपुटला. तिसऱ्या वेळी त्याने हाताच्या पाठीने चमचा दूर सारला आणि भात आमच्या सदऱ्यावर सांडला. त्या क्षणी आमच्या मनात जे उमटले ते लपवण्यात अर्थ नाही. आम्हाला राग आला. इतक्या दुरून आलेला, बऱ्या घरचा, शिकलासवरला माणूस याच्याजवळ जमिनीवर बसून याला भरवतो, आणि हा नको म्हणतो! आमची दया घास घेऊन आली होती खरी, पण ती बदल्यात काहीतरी मागतही होती. निदान त्याने तोंड उघडावे एवढे तरी.

तेवढ्यात तेथे काम करणारा एक सेवक आला. त्याने म्हाताऱ्याच्या तोंडाशी कान नेला, ऐकले, आणि अलगद हात घालून त्याला डाव्या कुशीवर वळवले. रस्त्यावर पडून असताना त्याच्या पाठीला मोठी जखम झाली होती. तिच्यावर भार पडत होता आणि तोच तो आम्हाला सांगत होता. कुशीवर वळल्यावर त्याने अर्धा कटोरा भात खाल्ला. आम्हाला बंगाली येत नव्हते, ही सबब खरी आहे. पण भाषा येत नाही हे ठाऊक असूनही तो काय म्हणतो हे कुणाला विचारावे असे आम्हाला सुचले नाही, हेही खरे आहे.

मराठी मनाला या ठिकाणी एकनाथांची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. काशीची कावड रामेश्वराला नेताना वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी नाथांनी गंगाजल ओतले आणि येथेच रामेश्वर पावला असे मानले. भगिनींची श्रद्धा याहून फारशी निराळी नाही. त्यांच्या प्रार्थनागृहांत क्रुसाशेजारी येशूच्या तहानेचा उच्चार लिहिलेला असतो, आणि खाटेवरच्या माणसाला दिलेले पाणी त्या तहानलेल्यालाच पोचते असे त्या मानतात. दोन्हीकडे दीनाच्या ठायी देव पाहिला जातो. ज्या देहाला शिवायला त्याचे सोयरेही धजत नाहीत, त्याला रोज पहाटे उठून धुण्याचे बळ या पाहण्यातून येते, याविषयी आम्हाला शंका नाही. आमच्यासारख्या कोरड्या माणसाला ते बळ अर्धा तासही पुरले नाही.

परंतु येथेच प्रश्न उभा राहतो. गाढवाला रामेश्वर व्हायचे नव्हते, त्याला पाणी हवे होते. नाथांच्या गोष्टीत ही अडचण येत नाही, कारण देवाला जे द्यायचे आणि गाढवाला जे हवे ते योगायोगाने एकच होते. ते एक नसेल तेव्हा काय? 1994 साली 'द लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात रॉबिन फॉक्स यांनी या घराविषयी लिहिले. तेथील स्वच्छता, जखमांची निगा आणि मायाळूपणा त्यांनी मान्य केला, परंतु बरा होऊ शकणारा आणि न होऊ शकणारा रोगी यांत पुरेसा भेद केला जात नाही, आणि तीव्र वेदनेवर प्रभावी वेदनाशामके दिली जात नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. दुसऱ्या वर्षी ख्रिस्तोफर हिचेन्स यांनी पुस्तकच लिहिले. त्यातील देणगीदारांविषयीचा आणि राजकारणाविषयीचा भाग आम्ही बाजूला ठेवतो. मरणोन्मुखांना गुपचूप बाप्तिस्मा दिला जाई, हा संघातून बाहेर पडलेल्या एका भगिनीने जाहीरपणे केलेला आरोपही गंभीर आहे, पण आमचा प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. दुःख भोगणे म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांत सहभागी होणे, ती एक देणगीच, असे मदर तेरेसा उघडपणे सांगत. वेदनेला असा पवित्र अर्थ मिळाला की वेदना थांबवण्याची निकड कमी होत नाही काय? 'दुखते आहे' एवढे साधे वाक्य मग प्रार्थनेसारखे ऐकू येऊ लागते, आणि प्रार्थनेवर कोणी औषध देत नाही.

न्यायाची म्हणून एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचे असे जंजाळ उभे राहिले की मोठमोठ्या इस्पितळांनीही मॉर्फिन ठेवणे सोडून दिले. आमच्या इंदूरकर वाचकांच्या शेजारी, मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी देखरेखीखाली अफू पिकते, ती परदेशांतील औषध कारखान्यांना जाते, आणि येथला कर्करोगी मात्र कण्हत मरतो, ही विपरीत स्थिती पुष्कळ वर्षे होती. कायद्यात दुरुस्ती झाली ती 2014 साली. मग दोष एकट्या भगिनींच्या माथी कसा मारायचा? पण 1986 साली मुंबईत 'शांती अवेदना सदन' सुरू झाले, पुढे आमच्या गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा निघाली. तेथेही ख्रिस्ती भगिनीच सेवा करतात, आणि तेथे वेदनाशमन हेच पहिले काम मानले जाते. तेव्हा श्रद्धा आणि औषध यांचे वैर अटळ आहे, असेही म्हणता येत नाही.

बाबा आमटे यांचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. 1949 पासून आनंदवनात त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हाती भिक्षा न देता काम दिले, आणि दान घेणाऱ्याला दुबळे करते हे त्यांचे म्हणणे आम्हाला पटते. मात्र कालीघाटच्या त्या म्हाताऱ्याला कोणते काम देणार होतो आपण? श्रमाने प्रतिष्ठा मिळते हे खरे. ज्याचे श्रम संपले त्याची प्रतिष्ठा कशात, याचे उत्तर आनंदवनाकडे मागणे म्हणजे त्यालाच अन्याय करणे होईल.

परतल्यावर एका स्नेह्यांनी आम्हाला सुनावले, "ज्यांनी स्वतः कधी कुणाची जखम धुतली नाही, त्यांनी या भगिनींना बोल लावू नये." आम्ही खाली मान घातली. पण विचारांती हे पटत नाही. टीकाकाराचे हात मळलेले आहेत की कोरे, यावरून टीकेचे खरेखोटेपण ठरत नाही. फॉक्स यांचे म्हणणे खरे असेल तर ते आमच्या तोंडूनही खरेच राहील. फक्त आमच्या तोंडी ते शोभत नाही, आणि ही दुसरी गोष्ट आम्हाला पहिलीपेक्षा अधिक छळत राहिली.

त्याचे कारण घरातलेच आहे. कालीघाटला जाण्यापूर्वी दोन वर्षे आमच्या मातोश्री चार महिने अंथरुणाला खिळून वारल्या. आम्ही काही कमी केले नाही, असे आम्ही चारचौघांत सांगत असू. उत्तम डॉक्टर होता, रात्रीसाठी शुश्रूषा करणारी बाई ठेवली होती, तिचा पगार एक तारखेला चुकता होत असे. आम्ही सकाळ-संध्याकाळ खोलीत जाऊन उभे राहत असू. कालीघाटच्या खाटांमधून चाललो तसेच, हात मागे बांधून. रात्री आईचे पुटपुटणे ऐकू येई. वातात बडबडते आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

कोलकात्याहून आल्यावर महिनाभराने आम्ही त्या बाईंचे घर शोधत कुडचडे गाठले. त्यांनी बसायला पाट दिला, चहा केला. आई रात्री काय म्हणत असे, हे विचारायला आम्हाला दोन वर्षे लागली होती. बाईंना आठवायला वेळ लागला नाही. दिवा विझवू नका, असे म्हणायची. रोज म्हणायची. पण तुम्हीच बजावून ठेवले होते ना, त्या म्हणाल्या, की तिला झोप लागावी म्हणून दहा वाजता दिवा बंद करायचा म्हणून.