वारसा, वीज आणि गिऱ्हाईक

३ ऑक्टोबर २०२४ रोजी महिंद्राने ‘थार रॉक्स’ची नोंदणी खुली केली आणि तासाभरात १,७६,२१८ गाड्या नोंदवल्या गेल्या. चार महिन्यांनी, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, त्याच कंपनीच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या विजेवरच्या दोन गाड्यांची पहिल्या दिवसाची नोंदणी होती ३०,१७९. थारच्या मागे १९४७पासून मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या विलीज जीपची परंपरा उभी आहे, आणि थार आजही पेट्रोल-डिझेलवर धावते. चाकणला तयार होणाऱ्या विजेच्या गाड्यांची मात्र पाटी कोरी: नाव नवे, सांगाडा नवा, रूपही नवे. यावरून ‘लोकांना वारसा हवा, वीज नको’ असा निकाल देणे सोपे आहे. पण तो टिकत नाही. रॉक्सची किंमत तेरा लाखांच्या आत सुरू होत होती, विजेच्या गाड्यांची एकोणीस लाखांच्या आसपास. शिवाय याच्या नेमके उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. माझ्या मते सारे ठरते ते एका निवडीवर: गाडीच्या लौकिकातला कोणता भाग इंजिनावर उभा आहे आणि कोणता इंजिनाविनाही तगेल, हे कंपनीने ओळखले आहे का?

उलट उदाहरण ‘चेतक’चे. बजाजने १९७२मध्ये आणलेल्या या स्कूटरसाठी परवाना राजच्या काळात वर्षानुवर्षे थांबावे लागे. पुढे मोटारसायकलींनी बाजार व्यापला आणि २००९मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटरचे उत्पादनच थांबवण्याचे जाहीर केले; राहुल बजाज यांना त्याचे वाईट वाटले होते. ऑक्टोबर २०१९मध्ये तेच नाव विजेच्या स्कूटरवर परतले आणि २०२०च्या जानेवारीत ती पुणे-बंगळुरूच्या ग्राहकांसाठी बाजारात आली. जुन्या चेतकचा धूर, हातातले गिअर, सुरू होईना म्हणून ती एका अंगावर कलती करून मारलेल्या किका, हे सगळे गेले आणि कोणी फारसे हळहळले नाही. लोकांच्या मनातली चेतक ही पुढे उभे पोर, मागे बायको आणि पायाशी भाजीची पिशवी घेऊन बिनतक्रार जाणारी पत्र्याची दणकट गाडी होती. पत्र्याचे अंग कंपनीने जाणून राखले आणि बाकीचे निर्धास्त सोडून दिले. तरीही पहिली काही वर्षे विक्री किरकोळच राहिली. जून २०२४मध्ये लाखाच्या आतले मॉडेल आले, दुकानांचे जाळे पसरले आणि मग डिसेंबर २०२४मध्ये देशातल्या विजेच्या दुचाकींच्या मासिक नोंदणीत चेतक पहिली आली. नावाने गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत आणले. त्याच्याकडून पैसे मोजून घेतले ते किमतीने आणि सोयीने.

अमेरिकेत डॉजने ही निवड चुकवली. व्ही-८ इंजिनाची ‘चॅलेंजर’ २०२३अखेर थांबली आणि विजेवरची ‘चार्जर डेटोना’ आली, तीही कृत्रिम गर्जना करणारी यंत्रणा बसवून. मसल कारचा लौकिकच मुळी इंजिनाच्या धडधडीचा. ती खोटी ऐकवणे म्हणजे नेमके काय गमावले आहे याची आठवण करून देणे. अपेक्षित ग्राहक फिरकले नाहीत, तेव्हा कंपनीने २०२६साठी स्वस्तातली विजेची आवृत्ती वगळली आणि सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी पुढे केली. फोर्डने व्ही-८ मस्टँग तशीच ठेवली आणि तिचे नाव एका वेगळ्याच, घरगुती वापराच्या विजेच्या गाडीला दिले. जुन्या भक्तांनी नाके मुरडली, पण २०२४मध्ये अमेरिकेत ‘मॅक-ई’ची विक्री मूळ मस्टँगपेक्षा जास्त झाली. टाटांनी मधला मार्ग धरला: २०२०च्या ऑटो एक्स्पोत आपली जुनी ‘सिएरा’ दाखवली ती विजेची संकल्पना म्हणून, पण नोव्हेंबर २०२५मध्ये आधी बाजारात आली ती पेट्रोल-डिझेलची.

यावर पहिला आक्षेप असा की थार घेणारा तरी कुठे डोंगर चढतो? ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कोंडीत तिची सारी ताकद क्लचवरच खर्च होते. मग ती विजेची का नको? आक्षेपात तथ्य आहे, पण गाडी रोजच्या फेरीसाठी घेतली तरी तिच्यावर जीव जडतो तो कधीतरी होऊ शकणाऱ्या प्रवासामुळे. त्याहून मोठी अडचण व्यवहाराची आहे, आणि ती नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात उघड दिसते. सिडकोच्या चिमुकल्या भूखंडांवरची बैठी घरे, त्यांवर चढलेले मजले, माथाडी कामगारांची वसाहत. इथे बहुतेकांची चारचाकी रात्री गल्लीतच उभी असते. विजेची स्कूटर दाराशी लावून साध्या प्लगवर चार्ज करता येते. मोटारीसाठी मात्र वायर पदपथावरून न्यावी लागेल, तीही रोज तीच जागा मिळाली तर! त्यामुळे एकाच घराने विजेची स्कूटर आणि सीएनजीची मोटार घेणे यात विसंगती नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: हवा बिघडत असताना वारशाच्या नावाने डिझेल विकत राहणे ही पळवाट नव्हे का? काही अंशी आहेच. थारची कमाई इंजिनातच जिरली तर या वारशाचे कौतुक करायचे कारण नाही. तिच्यातून चाकणची नवी गाडी उभी राहत असेल तर आहे. पण मागणी आकाशातून पडत नाही, ती धोरणाने घडते. २२ ऑगस्ट २०२५पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला; महिनाभरात, २२ सप्टेंबरला, छोट्या पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांवरचा ५ टक्के तसाच राहिला. म्हणजे एका हाताने विजेच्या गाडीला दिलेली सवलत दुसऱ्या हाताने पातळ झाली. अशा वेळी सगळा दोष ग्राहकाच्या जुन्या आवडीला देणे अन्यायाचे आहे.

म्हणून कंपन्यांनी जुन्या नावांची उधळण करण्याआधी हिशेब करावा. ज्या गाडीचे मोल तिच्या उपयोगात होते, ती निःशंकपणे विजेवर न्यावी. जिचे मोल आवाजात आणि धाकात होते, ती इंजिनासह मानाने म्हातारी होऊ द्यावी आणि विजेला नवे नाव द्यावे. आणि महापालिकेने, सिडकोने गल्लीत चार्जिंगचे खांब उभारावेत; कारण कोपरखैरण्याच्या गिऱ्हाइकाचा निर्णय शोरूमपेक्षा त्या खांबापाशी लवकर होईल.