भिंतीतील ओल कोणी सांगावी?

वाचकहो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. आपण पालेगावच्या एखाद्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहता. बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला, वडिलांनी घेतलेले तळमजल्यावरचे दोन खोल्यांचे जुने घर आपल्या नावावर आहे. डिसेंबरचा महिना आहे. एक तरुण जोडपे, कडेवर मूल घेऊन, ते घर भाड्याने घेण्यासाठी पाहायला आले आहे. भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत, रंगाचा वास अजून गेलेला नाही. नळाला पाणी किती वेळ येते, स्टेशन किती मिनिटांवर आहे, अनामत रक्कम किती, हे सारे ते विचारतात. जुलै महिन्यात याच खोलीत किती पाणी उभे होते, हे मात्र ते विचारत नाहीत. त्यांना ते सुचतही नाही, कारण डिसेंबरात नदी खाली दूर कुठेतरी शांत वाहत असते.

आपण सांगाल का?

प्रश्न लहान वाटतो. पण अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात तो दरवर्षी किती उंबरठ्यांवर उभा राहत असेल, याचा विचार करा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ही नोंद सर्वांना माहीत आहे. त्याच पावसाने उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठची वस्ती बुडवली, हे मुंबईच्या बातम्यांत तितके ठळकपणे आले नाही, तरी इथल्या लोकांच्या स्मरणात ते पक्के आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. देशाने ती आगगाडी पाहिली. त्याच दिवशी बदलापुरातल्या नदीकाठच्या तळमजल्यांत शिरलेले पाणी ज्यांनी पाहिले, ते त्या घरांचे मालक आणि भाडेकरू होते. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले.

पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतो. तेव्हा मालक काय करतो? तो भिंतीवरची गाळाची रेघ बोटाने दाखवतो. पाणी इथपर्यंत होते, हे कपाट फुगले, हे धान्य सडले, असे एकेक करून लिहून घ्यायला लावतो. आणि ते योग्यच आहे, कारण नुकसान खरे आहे. पुढे तीन-चार महिन्यांनी तोच मालक त्याच रेघेवर पुट्टी भरून दोन हात रंग देतो आणि नव्या भाडेकरूला म्हणतो की घर अगदी कोरडे आहे. एकाच भिंतीने सरकारपुढे एक साक्ष दिली आणि भाडेकरूपुढे दुसरी. ही विसंगती आपल्याला बोचत नाही, कारण दोन्ही वेळा फायदा आपलाच असतो.

येथे भिंतीविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण या प्रश्नातील नीती भिंतीच्या स्वभावावर अवलंबून आहे. वीट पाणी पिते. पुराचे पाणी गुडघ्याइतके असले तरी ओल विटांतून आणि सांध्यांतून त्याच्याही वर चढते. बाहेरचा पृष्ठभाग लवकर सुकतो, पोटातली ओल महिनोन्महिने राहते. ती बाहेर येताना विटेतील आणि पाण्यातील क्षार सोबत आणते. आपल्या बोलीत त्याला लोणा म्हणतात. लोण्याने गिलावा पोखरतो, रंगाचे पोपडे निघतात, मागे बुरशी धरते. म्हणून ज्याला घर खरोखर दुरुस्त करायचे आहे, त्याने गाळ ओला असतानाच धुऊन काढावा, भिजलेला गिलावा पाण्याच्या रेघेच्या वर हातभरापर्यंत ठोकून पाडावा, वीट उघडी ठेवावी, खिडक्या-दारे मोकळी ठेवून वारा खेळू द्यावा, स्विचबोर्ड उघडून आतील चिखल काढून तारा वायरमनकडून तपासून घ्याव्यात आणि फुगलेल्या प्लायवूडची माया सोडावी. नवा गिलावा भिंत पुरती सुकल्यावरच करावा. कोकणपट्टीत भर पावसात भिंत सुकत नाही. हवाच ओली असते. ऑक्टोबरचे ऊन लागते तेव्हा कुठे काम सुरू होते. म्हणजे या घराचे दोन-तीन महिन्यांचे भाडे गेले असे समजावे. एवढे थांबणे पुष्कळांना परवडत नाही, आणि जे थांबत नाहीत ते सगळे दुष्ट असतात असेही नाही.

थंड डोंगराळ मुलखात हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडते. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमच्या पुराने श्रीनगर बुडाले. काही वस्त्यांत पाणी दोन आठवड्यांहून अधिक काळ तुंबून राहिले आणि भिंती सुकण्याआधीच हिवाळा दाराशी आला. विटेत साठलेले पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि गिलाव्याला फोडून टाकते. तिथे थंडी भिंतीचे गुपित राखत नाही. आपल्याकडे मात्र उलट आहे. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने ऊन भिंतीचा दोष झाकून ठेवते आणि नेमके याच काळात घरे दाखवली जातात. आपल्या हवामानाने आपल्याला लपवण्याची मोठी सोय करून दिली आहे, असे म्हणावे लागते.

आता एक हदीस आठवा. सहीह मुस्लिममध्ये ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून ती आलेली आहे. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीपाशी थांबले. त्यांनी राशीत हात घातला, तो बोटांना ओल लागली. त्यांनी व्यापाऱ्याला विचारले की हे काय आहे. त्याने सांगितले की यावर पाऊस पडला. तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्याला विचारले की मग ते भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि जो फसवतो त्याचा माझ्याशी संबंध नाही, असे बजावले.

ही हदीस आपण प्रवचनांत अनेकदा ऐकतो, आणि बहुधा वजनात मारणाऱ्या दुकानदाराच्या संदर्भात ऐकतो. पण तिच्यातील तपशील नीट पाहा. व्यापाऱ्याने धान्यात पाणी ओतले नव्हते. पाऊस आकाशातून आला होता, त्यात त्याचा काडीइतका दोष नव्हता. त्याने तोंडाने खोटेही सांगितले नव्हते. विचारताच खरे ते सांगितले. त्याला धान्य टाकून दे असेही सांगण्यात आले नाही, विकू नको असेही नाही. आक्षेप एकाच गोष्टीवर होता: कोरडे वर आणि ओले खाली अशी मांडणी. पांढरा रंग वर आणि लोणा आत, ही मांडणी त्याहून निराळी आहे का?

येथे एक प्रामाणिक शंका निघते. भिंत खरोखर दुरुस्त केली, गिलावा नवा केला, तारा बदलल्या, तर दोष उरला कुठे? जो दोष नाहीसा झाला, तो सांगायचा कशाला? या शंकेत तथ्य आहे. फिकहमध्ये ज्याला ऐब म्हणतात, तो वस्तूत प्रत्यक्ष असलेला आणि तिचे मोल किंवा उपयोग घटवणारा दोष होय. बरे झालेले दुखणे प्रत्येक ग्राहकापुढे वाचत बसण्याची सक्ती कोणी करणार नाही. नळ गळत होता, दुरुस्त केला, विषय संपला. पण पुराच्या घराचे तसे नाही. तिथे ओल हा परिणाम आहे, दोष घराच्या जागेतच आहे. आपण भिंत बदलली, नदी बदलली नाही. म्हणून माझ्या मते उत्तम दुरुस्ती केलेल्या मालकावरही एक गोष्ट सांगण्याचे दायित्व उरते, ती म्हणजे या घरात पाणी येते, अमुक साली इतके आले होते. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखते. पहिली साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नवख्या भाडेकरूला त्या रेषा ठाऊक नसतात. आपल्याला त्या आपल्या भिंतीवर पाहायला मिळालेल्या असतात.

‘त्याने विचारले नाही’ ही सबब धर्मात तर नाहीच, देशाच्या कायद्यातही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, ग्राहकाला सामान्य काळजी घेऊनही कळणार नाही असा ठळक दोष विक्रेत्याला माहीत असेल तर तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. भाडेपट्ट्यासाठी कलम १०८ तसेच सांगते. आपण सहसा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार करतो. त्यालाही त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ५७ लागू होते: परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका पोहोचवणारा, आपल्याला ठाऊक असलेला दोष मालकाने सांगितला पाहिजे. डिसेंबरात सुरू झालेल्या अकरा महिन्यांत एक पावसाळा पुरता बसतो, हेही लक्षात घ्या.

दुसरी पळवाट करारात एक ओळ घालण्याची असते: घर आहे त्या स्थितीत पाहून घेतले, तक्रार नाही. जुन्या फुकहांनी या अटीची बारकाईने चर्चा केली आहे. दोषांपासून मुक्ततेची अट घालून केलेली विक्री हनफी पंथात वैध ठरते, तरी माहीत असलेला दोष झाकण्याचे पाप त्या अटीने धुतले जात नाही. शाफई मतानुसार, जे कोकणातील बहुसंख्य मुसलमान अनुसरतात, घरासारख्या वस्तूत असे मोघम वाक्य विक्रेत्याला मोकळे करत नाही. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये एक खटला नोंदलेला आहे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी एक गुलाम आठशे दिरहमांना, दोषांची जबाबदारी नाही या अटीवर विकला. ग्राहकाने दोषाची तक्रार केली. खलिफा ह. उस्मान (रजि.) यांनी निर्णय दिला की विकताना मला हा दोष माहीत नव्हता, अशी शपथ इब्ने उमर यांनी घ्यावी. त्यांनी शपथ घेण्यास नकार दिला आणि व्यवहार परत घेतला. अट काय लिहिली होती यावर निकाल थांबला नाही; विक्रेत्याला काय माहीत होते, तिथपर्यंत तो गेला.

आता सर्वांत अवघड भागाकडे येऊ. समजा, मालक श्रीमंत नाही. ती एक विधवा आहे, तिच्याकडे हे एकच घर आहे, दुरुस्तीसाठी तिने उसने पैसे घेतले आहेत. तिने खरे सांगितले तर भाडेकरू निघून जाईल किंवा हजार-दोन हजार रुपये कमी देईल. शेजारचे पाच मालक सांगत नाहीत, मग तिनेच का सांगावे? या बाईला उपदेश करणे सोपे आहे आणि मला त्याची लाज वाटते. तरीही उत्तर बदलत नाही. कारण समोर उभा असलेला भाडेकरूही श्रीमंत नसतो. तळमजल्यावर, नदीकाठी, कमी अनामत रकमेच्या घरात कोण राहायला येतो? तिचे नुकसान भाड्यातील घटीचे आहे. त्याचे नुकसान एका रात्रीत शिधा, मुलांची वह्या-पुस्तके, कागदपत्रे आणि प्रसंगी जीव यांचे आहे. तिची नड खरी आहे, पण ती नड भागवण्याचे कर्तव्य शेजाऱ्यांचे आणि मोहल्ल्याचे आहे, जकात त्यासाठीच आहे. अजाण भाडेकरूच्या खिशातून ती परस्पर वसूल करण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाही. ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसमध्ये सांगितले आहे की व्यवहार करणारे दोघे खरे बोलले आणि त्यांनी दोष उघड केला तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, लपवाछपवी केली तर ती पुसली जाते. बरकत म्हणजे अधिक भाडे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. खरे सांगितल्यावर भाडे कमीच येईल.

आणि आपण मालक नसाल, तर? आपण केवळ शेजारी असाल, किंवा एजंट असाल, आणि घर दाखवण्याचे काम पाहत असाल? ह. वासिला बिन अस्कअ (रजि.) यांच्याविषयी असे वर्णन आहे की एक माणूस उंटीण विकत घेऊन निघाला तेव्हा ते त्याच्या मागे धावत गेले आणि त्यांनी विचारले की ही मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी. प्रवासासाठी, असे कळताच त्यांनी सांगितले की हिच्या खुराला छिद्र आहे. विकणारा चिडला, तुम्ही माझा सौदा मोडता असे म्हणाला. वासिला (रजि.) यांनी प्रेषितांची (सल्ल.) शिकवण त्याला ऐकवली की विकणाऱ्याने दोष सांगितल्यावाचून विकणे वैध नाही, आणि ज्याला दोष माहीत आहे त्यानेही तो न सांगणे वैध नाही. आपण गप्प राहतो तेव्हा मनाशी म्हणतो की कोणाची निंदा कशाला करा. पण इमाम नववी यांनी गीबतीला अपवाद म्हणून जी कारणे दिली आहेत, त्यांत दुसऱ्याला हानीपासून सावध करणे हे एक कारण आहे. हेंद्रेपाड्यात किंवा रमेशवाडीत घर पाहणाऱ्या अनोळखी कुटुंबाला पानाच्या टपरीवरचा माणूस ‘तळमजला घेऊ नका’ असे हळूच सांगतो, तेव्हा तो वासिला (रजि.) यांच्याच वाटेने चाललेला असतो, मग त्याला ते नाव ठाऊक असो वा नसो.

घेणाऱ्याच्या बाजूचेही एक वाक्य सांगितले पाहिजे. पुरानंतर हवालदिल झालेल्या मालकाकडून घर मातीमोलाने उचलणारे लोक असतात. ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या सेवकाने तीनशे दिरहमांना घोडा ठरवला होता, जरीर (रजि.) यांनी घोडा पाहून स्वतःच मालकाला किंमत वाढवत वाढवत आठशे दिरहम दिले, कारण घोड्याचे मोल तेवढे होते. दोष जसा लपवायचा नाही, तसा समोरच्याच्या संकटाला दोष समजून त्यात सूटही मागायची नाही.

तर मग त्या डिसेंबरच्या दुपारी करायचे काय? मोठे प्रवचन देऊ नका. त्या जोडप्याला दाराच्या चौकटीपाशी न्या आणि पाणी कुठवर आले होते ते हाताने दाखवा. काय दुरुस्त केले, काय राहून गेले, ते सांगा. पावसाळ्यात गॅसचा सिलिंडर आणि कागदपत्रे कुठे ठेवावीत, रात्री पाणी चढू लागले तर कोणत्या शेजाऱ्याचा जिना मोकळा असतो, तेही सांगा. ही माहिती आपल्यालाच आहे. भाडे त्या हिशेबाने ठरवा. आणि करारात, जिथे ‘आहे त्या स्थितीत’ असे छापलेले असते, त्याच्या खाली स्वतःच्या हाताने लिहा: २७ जुलै २०१९, पाणी खिडकीच्या कठड्यापर्यंत.