घर खंडाळ्यात, मत मुंबईत

लोणावळा-खंडाळ्याची माहिती देणाऱ्या पर्यटन-पुस्तिकांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८७१ मध्ये ही ठिकाणं शोधून काढली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर होते आणि १८५९ मध्ये इंग्लंडात वारले. याच घराण्यातले दुसरे एल्फिन्स्टन १८५३ मध्ये गव्हर्नर होऊन आले, तेही १८६० मध्ये गेले. १८७१ उजाडलं तेव्हा दोघांपैकी कुणीही हयात नव्हतं आणि घाटातून आगगाडी धावायला लागून आठ वर्षं झाली होती. चूक नुसत्या सालाची असती तर दुरुस्त करून पुढे जाता आलं असतं. पण बाहेरच्या कुणीतरी येऊन पाहिल्यावरच गाव जन्माला येतं, ही समजूत तिच्या मुळाशी आहे आणि आज खंडाळ्यात बंगला बांधणाऱ्यांच्या मनातही ती घट्ट बसली आहे.

मावळात बाहेरची माणसं फार आधीपासून येत होती. लोणावळ्याच्या पुढे वेहेरगावच्या डोंगरात कार्ल्याचं चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत आणि त्यांत धेनुकाकटहून आलेले यवन आहेत. वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी, तिथला भूतपाल श्रेष्ठीही आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा तिथला लेख तर आजच्या वाचकाला थेट आपल्या काळात आणून सोडतो. वलूरकाच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांमध्ये पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्यानं करजिक नावाचं गाव दिलं. गाव दिलं याचा अर्थ गावाचा महसूल दिला. दान राजघराण्याचं, पण धान्य करजिकच्या शेतातलं. पावसाळ्यात डोंगरावर राहायला येणाऱ्यांचा भार खालच्या गावानं उचलायचा, ही मावळातली रीत जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे.

१८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली. खालच्या बाजूनं ती खोपोलीला येऊन थांबत होती, त्यामुळे मधला घाट पाच वर्षं लोक पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढत-उतरत होते. घाटातला रेल्वेमार्ग कुणी बांधला ते खंडाळ्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवं. पहिला ठेकेदार फेव्हिएल. मजुरी थकल्यावरून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला आणि त्याचा ठेका संपला. दुसरा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथं पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका स्वतःकडे घेऊन काम पुरं करून घेतलं. ऐन भरात कामावर चाळीस हजारांहून जास्त माणसं होती. कॉलरा आणि तापानं त्यांतली किती मेली, याचा हिशोब कुठल्याही बंगल्याच्या फाटकावर लिहिलेला नाही. २५ बोगद्यांचा तो मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट एका धनगरानं दाखवली आणि साहेबानं त्यालाच मारलं, अशी कथा तिथं सांगतात. कागदोपत्री तिला आधार असो वा नसो, गाड्या अजून तिथं थांबतात आणि ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात.

रेल्वेमागोमाग बंगले आले. आधी साहेबांचे, मग पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांचे. उतरती कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा, बंगल्यापासून वेगळं स्वयंपाकघर आणि मागे नोकरांच्या खोल्या. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर मुंबई दोन तासांवर आली आणि जी चैन मोजक्या घराण्यांपुरती होती ती आयटीतल्या तरुण जोडप्याच्याही आवाक्यात आली. तुंगार्ली, कुणे, कुरवंडे, वाकसई, पवनेचा काठ, जिथं डोंगर दिसतो तिथं गेट लागलं.

हे दृश्य जगात सगळ्यात गाजलं ते इटलीत. टस्कनी आणि उंब्रियाच्या टेकड्यांवर गेल्या ५०-६० वर्षांत इतके इंग्रज स्थायिक झाले की कियांती भागाला थट्टेनं ‘कियांतीशायर’ म्हणू लागले. जुनं दगडी घर, ऑलिव्हची झाडं, संध्याकाळी अंगणात वाइन. त्या स्वप्नामागचा इतिहास मात्र शेतीचा आहे. मध्य इटलीत शतकानुशतकं अर्ध्या वाट्यानं जमीन कसायची पद्धत होती, तिला मेझाद्रिया म्हणत. अर्धं पीक मालकाचं, अर्धं कसणाऱ्याचं, आणि घर मालकाचं. १९६४ च्या कायद्यानं असे नवे करार बंद झाले. पण तोवर कसणारी कुटुंबं कारखान्यांच्या शहरांकडे निघालीच होती. मागे राहिली हजारो ओस घरं आणि ती इंग्रजांनी घेतली.

मावळात याच्या उलट झालं. १९४८ च्या कूळकायद्यानं आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं इथलं कूळ जमिनीचं मालक झालं. ते गाव सोडून गेलं नाही. पुढे दोन पिढ्यांनी, वाटण्या होऊन तुकडे पडल्यावर, लग्नकार्य नाहीतर आजारपण निघाल्यावर त्यानं किंवा त्याच्या नातवानं जमीन विकली. इटलीतल्या इंग्रजानं घेतलेल्या घरात राहणारा कसणारा केव्हाच मिलानला निघून गेला होता. खंडाळ्याच्या बंगलेवाल्याला जमीन विकणारा कुंपणापलीकडेच राहतो, रोज त्या भिंतीला वळसा घालून जनावरं चरायला नेतो. इटलीतलं गाव रिकामं होत होतं, म्हणून तिथं बाहेरच्या माणसाचं स्वागत झालं. दक्षिणेकडच्या छोट्या गावांत राहायला येणाऱ्या परदेशी पेन्शनरांना २०१९ साली परदेशी उत्पन्नावर सरसकट सात टक्केच कर भरण्याची सवलत मिळाली, काही गावांनी एक युरोला घरं काढली. मावळातलं गाव भरलेलं आहे. इथं येणारा माणूस कुणाच्या तरी वाट्याचं काहीतरी घेऊनच येतो. तो वाईट आहे म्हणून असं होत नाही, जागा आणि पाणी तेवढंच आहे म्हणून होतं.

पाण्याची गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. टाटांनी वलवण, लोणावळा आणि शिरवता इथं तलाव बांधून ते पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात सोडलं आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढच्या मुळशी धरणाच्या वेळी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला उभे राहिले, ते १९२१ साल. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळानं पाणी न्यायला विरोध करत ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन माणसं मेली. या तिन्ही घटना मावळ-मुळशीच्या परिसरातल्या आहेत आणि तिन्हींत पाणी इथलं, गरज दुसरीकडची. त्या पार्श्वभूमीवर वैशाखात एखाद्या वाडीवर बाया हंडे घेऊन झऱ्याशी उभ्या असताना शेजारच्या बंगल्याच्या पोहण्याच्या तलावात टँकर रिकामा होतो, तेव्हा गावाला काय वाटतं हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. बंगलेवाल्याला ते दिसत नाही, कारण टँकर येतो मंगळवारी आणि तो येतो शनिवारी.

त्याच्या येण्याआधीचा दिवस पाहण्यासारखा असतो. शुक्रवारी दुपारी मुंबईहून फोन येतो, “रात्री निघतोय, आठ जण आहोत.” मग रखवालदाराची बायको आठ गाद्या बाहेर काढते. जुलैत त्यांना कुबट वास लागलेला असतो, ऊन नसतं, म्हणून एकेक गादी इस्त्री फिरवून नाहीतर शेगडीजवळ धरून सुकवावी लागते. भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके उठलेले असतात, ते ओल्या फडक्यानं पुसायचे. कौलावर प्लास्टिक टाकलेलं असूनही दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गळती लागलेलीच असते, तिथं घमेलं ठेवायचं. माकडांनी वाकवलेली पाण्याच्या टाकीची झाकणं नीट करायची, न्हाणीघरात साप नाही ना ते बघायचं, इन्व्हर्टर चालतो का ते बघायचं. नवरा बाजारातून कोंबडी आणि पाव आणतो. रात्री साडेअकराला गाड्या येतात, रविवारी दुपारी जातात आणि सोमवारी सकाळी कचऱ्याच्या चार पिशव्या उरतात. घंटागाडी आतल्या रस्त्यावर येत नसेल तर त्या ओढ्याकडे जातात. तोच ओढा पुढे इंद्रायणीला मिळतो.

बंगलेवाल्यांच्याही अडचणी खऱ्या आहेत आणि त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. विशेषतः साठी ओलांडून कायमचे राहायला आलेल्यांच्या. २०२० च्या टाळेबंदीत अनेक कुटुंबं चार दिवसांसाठी आली आणि महिनोन्‌महिने राहिली. काहींनी मग मुंबईचा फ्लॅट मुलांकडे सोपवून मुक्कामच हलवला. पहिलं वर्ष धुक्यात आणि आनंदात जातं. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघे दुखायला लागतात. तपासणीसाठी हृदयरोगतज्ज्ञ पाहिजे तर पुणे किंवा मुंबई, आणि सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्या खोळंबल्या की रुग्णवाहिकाही त्यातच. पावसाळी शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणारी वाहनांची रांग लागली की भाजी आणायलाही बाहेर पडता येत नाही. नवरा-बायकोपैकी एक गेल्यावर उरलेल्याचं तिथं राहणं किती अवघड होतं, ते खंडाळ्यातल्या कुठल्याही औषध दुकानदाराला विचारावं.

इटलीतल्या इंग्रज म्हाताऱ्यांची काळजी हीच आहे: पायऱ्यांचं घर, दूरचं इस्पितळ, अर्धवट येणारी भाषा. त्यात ब्रेक्झिटची भर पडली. २०२१ पासून तिथला रहिवासी परवाना नसलेल्या इंग्रजाला १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. इंग्लंडचा वाहनपरवाना बदलून घ्यायचा तर इटालियन भाषेत परीक्षा देण्याची वेळ आली होती. २०२३ मध्ये लागू झालेल्या करारानं ते प्रकरण मिटलं. आणि युरोपीय संघाचे नागरिक म्हणून गावच्या नगरपालिकेत मत देण्याचा जो हक्क त्यांना होता तोही गेला. वीस वर्षं गावात राहिलेल्या माणसाला गावचा महापौर निवडता येत नाही, हे त्यांच्यातल्या अनेकांना झोंबलं.

खंडाळ्याच्या रहिवाशाला तो हक्क फुकट उपलब्ध आहे आणि तो घेत नाही. खंडाळा लोणावळा नगरपरिषदेत येतं. नुसतं घर मालकीचं असून मतदार होता येत नाही, १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा ते स्पष्ट सांगतो. शनिवार-रविवारी येणाऱ्याचं नाव मुंबईतच राहणार आणि ते योग्यच आहे. पण जो बारा महिने इथं राहतो, त्याचं नावही वर्षानुवर्षं दादर नाहीतर मलबार हिलच्या यादीत असतं. नगरसेवकाला त्याची गरज नाही आणि त्यालाही नगरसेवकाची नाही. तक्रार करायची तर तो मंत्रालयातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो. कचरा, बेकायदा बांधकाम, डोंगरफोड, पाण्याच्या वेळा या सगळ्यांवर त्याचं आणि कुंपणापलीकडच्या माणसाचं दुःख एकच असताना दोघं एका सभेत कधी बसत नाहीत.

बाहेरून येऊन बसलेली माणसं होऊन गेली आहेत. डभोईत जन्मलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, आणि योगाचा प्रयोगशाळेतला अभ्यास या गावाच्या नावाला कायमचा जोडला गेला. इटलीत आयरिस ओरिगो ही इंग्लंडमध्ये जन्मलेली बाई १९२०च्या दशकात नवऱ्याबरोबर वाल दोर्चातल्या ला फोचे या उजाड इस्टेटीवर गेली. दोघांनी जमीन सुधारली, कसणाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा आणि दवाखाना काढला आणि दुसऱ्या महायुद्धात निर्वासित मुलांना व पळून आलेल्या कैद्यांना आसरा दिला. तिची युद्धकाळातली रोजनिशी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती जमीनदारीण होती, मेझाद्रियाचं अर्धं पीक तिच्याही घरी येत होतं, हे विसरून तिचं कौतुक करू नये. पण शेतात काय चाललंय ते तिला मंगळवारीही दिसत होतं.

इटलीत राहत्या पहिल्या घरावर, ते आलिशान नसेल तर, नगरपालिकेचा घरकर माफ असतो आणि दुसऱ्या घरावर तो लागतो. मावळातही बंद बंगल्यांवर वेगळा कर लावून ते पैसे वाड्यांच्या पाणीयोजनांना आणि घंटागाडीला द्यायला काहीच हरकत नसावी. नियमानं काय करता येईल ते नगरपरिषदेनं आणि ग्रामपंचायतींनी ठरवावं. एक गोष्ट मात्र कुठल्याही ठरावाची वाट न पाहता बंगलेवाल्याला आजच करता येण्यासारखी आहे आणि ती त्याच्याच आवारात आहे.

मागच्या खोलीत राहणारं रखवालदाराचं कुटुंब. कधी ते जमीन विकलेल्याच घरातलं असतं, कधी मराठवाड्यातून नाहीतर नेपाळातून आलेलं. त्यांना पगार महिन्याचा मिळतो, खोली फुकट मिळते आणि बायकोच्या कामाचा पगार बहुतेक ठिकाणी धरलाच जात नाही. मुलं लोणावळ्याच्या शाळेत जातात. बंगला विकला गेला की नवा मालक स्वतःचा माणूस आणतो आणि पंधरा दिवसांत खोली रिकामी करावी लागते, मग दहावीची परीक्षा महिन्यावर आलेली असो. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. त्याखाली बायकोची नोंद करून घेता येते. रखवालदाराशी लेखी करार करता येतो. त्यात दोघांचा वेगवेगळा पगार, आठवड्याची सुट्टी, आणि बंगला विकताना निदान चालू शाळेचं वर्ष संपेपर्यंत खोली न सोडण्याची अट घालता येते. विक्रीच्या कागदात ती अट नव्या मालकाकडून मान्य करून घेता येते. वकिलाचं हे फार तर एका सकाळचं काम आहे.