हाताचे मोल

दसऱ्याच्या सकाळी वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवली या बाजूला फेरी मारली, तर गाळ्यागाळ्यांतून यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या दिसतात. वर्षभर पत्रा कापणाऱ्या, लोखंड ठोकणाऱ्या यंत्राला त्या दिवशी विश्रांती असते. हळदकुंकू, नारळ, पेढा असा थाट असतो. चाल चांगली आहे, मला ती मनापासून आवडते. पण यंत्राचा मान एवढ्यावर थांबत नाही. ते बँकेच्या कर्जावर घेतलेले असले, तर बँक त्याचा विमाही उतरवायला लावते. ते चालवणाऱ्या हाताचे काय, हे मात्र पुष्कळ ठिकाणी त्या हाताला इजा झाल्यावरच प्रथम विचारले जाते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची दोन बोटे गेल्या पावसाळ्यात पॉवर प्रेसखाली गेली. भेटायला गेलो, तर तो म्हणाला, "शेठ चांगले आहेत, सर. दवाखान्याचं बिल त्यांनीच भरलं, वर पाच हजार हातावर ठेवले. आणि चूक माझीच. लक्ष नव्हतं." त्याच्यापाशी हजेरीचा कागद नव्हता, विम्याचे कार्ड नव्हते. होती ती कृतज्ञता. ज्याची बोटे गेली त्यानेच आभारी असावे, हे आपल्याला इतके स्वाभाविक का वाटते?

दया वाईट नव्हे. परंतु दयेला एक खोड आहे. ती घेणाऱ्याची मान वाकवते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. धंदा बरा असला तर पाच हजार, मंदी असली तर दोन, आणि शेठ कठोर असला तर काहीच नाही. बोटे मात्र तिन्ही वेळी सारखीच गेलेली असतात.

कायद्याने ही मर्जी १९२३ सालीच दूर सारली होती. त्या वर्षीच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात एक तक्ता होता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती शंभरातले तीस हिस्से गेली, तर्जनी गेली तर चौदा, करंगळी गेली तर सात. वाचताना अंगावर काटा येतो. एकलव्याच्या अंगठ्याचा असा हिशेब द्रोणाचार्यांनी कधी मांडला नव्हता! तरीही हा रुक्ष तक्ता मला त्या पाच हजारांपेक्षा अधिक माणुसकीचा वाटतो, कारण त्यापुढे हात जोडावे लागत नाहीत. शिवाय अपघातात मालकाची चूक होती, हे कामगाराने सिद्ध करण्याची गरज त्या कायद्याने ठेवली नाही. नशापाणी किंवा जाणूनबुजून केलेली आज्ञामोड, असे थोडे अपवाद होते, इतकेच. आणि ते योग्यच. "लक्ष नव्हतं" म्हणे! आम्ही मास्तर पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांचे लक्ष टिकवू शकत नाही. दहा-दहा तास तोच दांडा ओढणारा हात केव्हातरी चुकणारच. ती चूक त्या कामातच आहे.

ही समज आपल्याकडे साहेबाने आणली असे मात्र कोणी समजू नये. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबरच त्या कामगारांनी मागितले होते, की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी. त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला. तिकडे कायदा झाला. इकडे रविवार १८९० साली मिळाला आणि भरपाईसाठी आणखी तेहतीस वर्षे जावी लागली. लोखंडे १८९७ सालीच वारले होते.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. आमच्याकडचा गाळेवाला काही टाटा-बिर्ला नव्हे. आठ माणसे, भाड्याचा गाळा, डोक्यावर कर्ज. एका मोठ्या अपघाताची भरपाई त्याला एकट्याला पेलणार नाही. म्हणून तर विमा! १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत आज मालकाचा हिस्सा पगाराच्या सव्वातीन टक्के आहे आणि कामगाराचा पाऊण टक्का. पंधरा हजार पगारावर दोघांचे मिळून महिन्याला सहाशे रुपये होतात. पण ही योजना सर्वसाधारणपणे दहा माणसांपासून सुरू होते, आणि आठ माणसांचा गाळा तिच्या उंबऱ्याबाहेर राहतो. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिने जुने कायदे पोटात घेतले; जोखमीच्या कामाला हा उंबरा आड येऊ नये, अशी वाटही तिने ठेवली आहे. एक मालक नाही, पक्की नोकरी नाही, ही अडचण तरी नवी कुठे आहे? माथाडी-हमालांचा मालक रोज बदलत असे. महाराष्ट्राने १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा करून मंडळे नेमली आणि काम घेणाऱ्यांकडून पट्टी वसूल करून ती सोडवली. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे जमले, ते प्रेसवर बसणाऱ्यासाठी का जमू नये?

विद्यार्थ्याला मी म्हटले, भरपाईचा अर्ज कर. तो बराच वेळ गप्प राहिला. शेठना वाईट वाटेल, ही एक अडचण त्याने सांगितली. दुसरी अधिक अवघड होती. "कागद नाही, सर. मी तिथं कामाला होतो, हे सांगणार कोण?"

सांगू शकणारे सातजण आहेत. ते अजून त्याच गाळ्यात कामाला जातात.