लोणारची खांदेपालट

वैशाखातल्या सकाळी पापडाचं पीठ भिजतं, तेव्हा पाण्यात चमचाभर पापडखार पडतो. ते पाणी बोटांना बुळबुळीत लागतं. साबण नीट धुतला गेला नाही की लागतं तसं. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या तळ्यात हात बुडवला तरी हाच स्पर्श होतो. पाण्याचा सामू १० च्या आसपास. नुसतं खारट नव्हे, खाराचं तळं.

उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेला हा खळगा. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाणी मात्र उथळ. काठच्या धार नावाच्या झऱ्याचं गोडं पाणी आत येतं, पावसाळ्यात कड्यांवरून ओहोळ उतरतात. बाहेर जायला एकही ओढा नाही. पाणी जाणार ते वाफ होऊन, आणि वाफ काही खार सोबत नेत नाही. त्यामुळे आभाळ आणि ऊन यांचा वर्षभराचा जमाखर्च या पाण्यात उतरतो, आणि तो सगळ्यांत आधी कळतो डोळ्यांना न दिसणाऱ्या रहिवाशांना.

पावसानं पाणी वाढलं, खार पातळ झाला की तळं हिरवं दिसतं. हा हिरवेपणा नील-हरित जिवाणूंचा, म्हणजे औषधाच्या दुकानात जिच्या गोळ्या मिळतात त्या स्पायरुलिनाचा आणि तिच्या भावकीचा. खालच्या चिखलात प्राणवायू नाही. तिथले जिवाणू सल्फेटवर भागवतात आणि सडक्या अंड्यांचा वास सोडतात. पर्यटक नाकाला रुमाल लावतात, तो या जिवाणूंच्याच स्वयंपाकघराचा वास. मिथेनॉलवर जगणाऱ्या एका जिवाणूला तर शास्त्रज्ञांनी गावाचंच नाव दिलं आहे: मिथिलोफॅगा लोणारेन्सिस. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळाइतकं त्याचं कौतुक तिथे कुणी करत नसेल, पण करायला हरकत नाही.

मग ऊन तापतं. पाणी आटतं, काठावर पांढरी खारपटं धरतात. दाट खार साध्या पेशीतलं पाणी ओढून घेतो. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं, तसंच. ज्यांना हे सोसत नाही ते मागे हटतात. पुढे येतात हॅलोआर्किया. हे खरं तर जिवाणूही नव्हेत, सजीवांचं वेगळंच घराणं. ते पेशीच्या आतच पोटॅशियमचं मीठ भरून ठेवतात, म्हणून बाहेरचा खार त्यांना पिळू शकत नाही. अंगात गाजरातल्या रंगद्रव्याच्या नात्यातलं एक लालसर द्रव्य असतं. कडक उन्हापासून तेच त्यांना राखतं.

जून २०२० मध्ये सारं तळं गुलाबी झालं, तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या आपण सगळ्यांनी मोबाइलवर तर्क लढवले. कुणाला कोप दिसला, कुणाला चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं आणि उत्तर निघालं ते हेच: पाणी आटलं, खार वाढला, हॅलोआर्किया फोफावले.

‘हे आले कुठून?’ असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. पहिल्या पावसात बेडूक ओरडायला लागतात, तेव्हा ते कुठून आले असं आपण विचारत नाही. हॅलोआर्किया तर मिठाच्या खड्यात अडकलेल्या थेंबभर पाण्यातही वर्षानुवर्षं तग धरतात. ते तिथेच होते. मोजके होते, म्हणून दिसत नव्हते. त्या वर्षी त्यांना हवा तसा उन्हाळा मिळाला, एवढंच.

पाऊस आला आणि तळं पुन्हा हिरवट झालं. प्रयोगशाळेत नेलेल्या पाण्याला तर पावसाचीही वाट पाहावी लागली नाही. ते न हलवता ठेवलं, तसा गुलाबी रंग हळूहळू तळाशी जाऊन बसला आणि वर उरलं नितळ पाणी.