मुक्या जिवाची अमानत



संत तुकाराम नगरात जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारले, “मौलाना, औषधांच्या चाचणीसाठी ससे निवडणे हे माझे काम आहे. ही कमाई हलाल आहे का?” प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या माणसाच्या शिरेत सलाइन चालू असते, तेव्हा त्या चाचणीचा लाभ आपणही घेत असतो.

सलाइनमध्ये मेलेल्या जंतूंचे अंश उरले, तर रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून तीन सशांच्या कानाच्या शिरेत ते टोचून तीन तास त्यांचे तापमान पाहण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी बहुधा ‘न्यूझीलंड व्हाइट’ जातीचा ससा घेतात. त्याचे कान मोठे, शीर ठळक आणि स्वभाव गरीब असतो.

तो प्रतिकार करीत नाही, म्हणून आपला हक्क वाढतो का? नाही, जबाबदारी वाढते. ससा हलाल आहे, हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) त्याचे मांस स्वीकारले होते. परंतु खाण्याची परवानगी ही छळाची परवानगी नव्हे. जबह करतानाही सुरी धारदार असावी, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, हे आपण जाणतोच.

मग योग्य निवड म्हणजे काय? आपल्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि तेथे पेनिसिलिन बनू लागले. माणसाला जीवदान देणारे हे औषध गिनिपिगला मात्र मारक ठरते. चुकीचा प्राणी निवडला, तर उत्तर चुकते आणि त्या जिवाची वेदना व्यर्थ जाते. व्यर्थ वेदना हाच जुलूम होय. म्हणून जाणतेपणाने केलेली निवड हीदेखील रहमत आहे.

तथापि, फिक्‌हच्या नियमानुसार गरज असते तेवढीच मुभा असते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात 2014 पासून बंदी आहे, आणि ती रास्तच आहे. तापाची चाचणीही आता मानवी रक्तपेशींवर करता येते. युरोपच्या औषधसंहितेने सशांवरील ही चाचणी वगळण्याचा निर्णय 2024 साली घेतला. जेथे असा पर्याय पुरेसा ठरतो, तेथे सशाला टोचण्याचे समर्थन उरत नाही.

त्या तरुणाला मी म्हणालो, “बेटा, गरज खरी असेल आणि हात दयाळू असेल, तर कमाई हलाल आहे. पण प्रत्येक वेळी आधी विचार, याच्याविना भागेल का? भागत असेल, तर ते वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य ठेव.”

ससा तक्रार करणार नाही. त्याची बाजू ऐकणारा रब मात्र सर्व काही ऐकतो.