वाऱ्याच्या गावची बाग

नाशिककडचा एक द्राक्ष बागायतदार ऑगस्टमध्ये मुलीबरोबर ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर सुटीला गेला. खरड छाटणी कधीच उरकली होती, गोडी छाटणीला अवकाश होता. मुलीने हट्टच धरला, तेव्हा कुठे तो निघाला.

संध्याकाळी सगळे कड्यावर जाऊन सूर्यास्त बघायचे. त्याला बागा बघायच्या होत्या, आणि त्या काही दिसेनात. ना मांडव, ना तारा, ना ठिबकच्या नळ्या. राखाडी, भुसभुशीत जमीन आणि तिच्यावर टेकलेली हिरवी झुडपं. वाकून बघितलं, तर ते द्राक्षाचे वेल होते. टोपलीसारखे गोल विणून भुईवर ठेवलेले.

"बागेकडे कुणाचं लक्षच नाही गं," तो हळहळला.

पलीकडे एक म्हातारा घड तोडत होता. बागायतदार त्याच्याशी बोलू लागला. म्हाताऱ्याची नात इंग्रजीत सांगायची, मुलगी मराठीत.

"वेल मांडवावर का नाही चढवत?"

"वारा आहे ना."

उन्हाळाभर उत्तरेचा वारा सुटायचा. उभा वेल मोडायचा, उडत्या वाळूने कोवळे घड सोलून निघायचे. म्हणून जुन्या माणसांनी दरवर्षीच्या छाटणीत वेलाची काडी काडीत गुंफत नेली. घड टोपलीच्या आत, पानांच्या आडोशाला वाढू लागले.

"आणि पाणी?"

पाऊस हिवाळ्यात, तोही थोडाच. बाकी समुद्रावरून येणारं धुकं आणि दव. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी फुटला होता. त्याचा सच्छिद्र, हलका दगड ती ओल धरून ठेवायचा.

"एकरी किती निघतं?"

"टनभर निघालं तर आनंद."

बागायतदार गप्प झाला. त्याच्याकडे एकरी दहा टन निघायचे, आणि तरी कर्ज फिटत नव्हतं.

म्हाताऱ्याने त्याला घरी नेलं आणि असिर्तिको द्राक्षाची वाइन पुढे ठेवली. पहिला घोट आंबट लागला, थोडा खारटही. त्याने पेला बाजूला सरकवला. मग नातीने टोमॅटोची गरम भजी आणली. ते टोमॅटोही बिनपाण्याचेच. भजी खाऊन त्याने पुन्हा घोट घेतला, आणि या वेळी पेला हातातच राहिला.

"वेल किती जुने?"

"वरची टोपली सत्तर-ऐंशी वर्षं चालते. थकली की कापायची. खालच्या मुळातून नवा कोंब येतो. मुळाचं वय कुणाला ठाऊक!"

19व्या शतकात मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागाच्या बागा संपवल्या. लोकांना अमेरिकन खुंटावर कलमं करावी लागली. या बेटाच्या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नव्हती, म्हणून कीड इथे टिकली नाही. वेल आपल्याच मुळांवर उभे राहिले. बागायतदाराला हे चटकन उमगलं. त्याची स्वतःची सगळी बाग डॉगरिज नावाच्या अशाच खुंटावर होती.

मघाशी ज्या मातीला तो मनात नापीक म्हणाला होता, तिनेच ही मुळं राखली होती. आपलं माप घेऊन दुसऱ्याच्या शेतात गेलं की तिथलं सगळंच कमी भरतं. तिथल्या वाऱ्याला आणि पाण्याला आधी विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी होडीतून फिरायला गेली. बागायतदार पहाटेच म्हाताऱ्याच्या बागेत पोचला. दुपारपर्यंत त्याने घड तोडले आणि म्हाताऱ्याकडून काडी गुंफायला शिकून घेतलं.